काळीच्या मानेवरचा चट्टा

मामांना मामा बनवणारा अजून जन्माला यायचाय, असं त्या तबेल्यात सगळे म्हणत. घोड्याने एक पाय किंचित हलका टेकला तरी मामांना ते अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून कळे. नाल सैल झाली, चंदीचे दाणे ओले राहिले, कुणाचं पोट फुगायला लागलं, की डॉक्टरांना फोन जायच्या आत मामा तिथे हजर. बत्तीस वर्षं मोतद्दारकी, म्हणजे घोड्यांची देखभाल, केलेला माणूस! घोडेस्वारीच्या त्या शाळेचे मालक दोनदा बदलले, शिकवणारे किती आले नि किती गेले, मामा होते तिथेच. त्यांचं खरं नाव कुणाला आठवतही नसे.

आणि मामांचं एक ठरलेलं वाक्य होतं. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्याच दिवशी ऐकावं लागे. "घोडा लंगडला तर त्याचं नशीब. घोड्याला सर्दी झाली तर हवेचा दोष. पण घोड्याला खरूज झाली, तर ती मोतद्दाराची लाज!" असं म्हणून ते घोडे घासायचा खरारा भिंतीवर दोनदा आपटत, धूळ उडे आणि मुलं घाबरत. तरुणपणी त्यांनी बरोबरच्या एका मोतद्दाराला याच कारणावरून घालवलं होतं. "तू घाणेरडा, म्हणून तुझा घोडा घाणेरडा," असं त्याला सगळ्यांसमोर सुनावलं, आणि तो बिचारा दुपारच्या आत सामान उचलून गेला. ही गोष्ट मामा मीठमसाला लावून सांगत. हे सगळं आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्याशिवाय मामांनी पुढे जे केलं ते समजायचं नाही. समजल्यावर माफ करायचं की नाही, ते ज्याचं त्याने बघावं.

तर मामांच्या काळीला खरूज झाली.

काळी म्हणजे त्या तबेल्याची शान. उड्या मारण्यात तिचा हात धरणारी घोडी आसपास नव्हती. तिला घेऊन मामा एका स्पर्धेला गेले, दोन दिवस परक्या तबेल्यात उतरले, आणि घोडीची पाठ झाकायची झूल घरी विसरले. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा विसरले. संध्याकाळी गारठा पडला, काळी थरथरायला लागली. शेजारच्या रिकाम्या ठाणात खुंटीवर एक झूल लटकत होती. मामांनी ती उचलली आणि काळीच्या पाठीवर टाकली. कुणाची झूल, कुठल्या घोड्याच्या अंगावरची, काहीही विचारलं नाही. विचारायला गेलं तर "मी झूल विसरलो" हे सांगावं लागलं असतं ना! हेच दुसऱ्या कुणी केलं असतं तर मामांनी त्याची सालटी काढली असती.

घरी परतल्यावर दोन आठवड्यांनी काळी खांबाला मान घासायला लागली. आयाळीखाली बटणाएवढी जागा उघडी पडली, मग तळहाताएवढी झाली. कातडी जाड झाली, वर खपली धरली. मामा मनाशी म्हणाले, पट्टा घासला असेल. नवा पट्टा आहे, कडक आहे. माणसाचं मन भारी लबाड. जे पटायला हवं असतं ते त्याला चुटकीसरशी पटतं. मामांनी पट्टा बदलला, चट्ट्याला तेल चोपडलं, आणि आपण उपाय केला असं समजून चालू लागले.

चारच दिवसांत त्यांच्या स्वतःच्या हातांना खाज सुटली. मनगटापासून कोपरापर्यंत लाल पुळ्या उठल्या. तेव्हापासून मामा बाह्या खाली सोडून बटणं लावायला लागले.

त्यातच मालक काही पाहुण्यांना काळी दाखवायला घेऊन येणार असल्याचा निरोप आला. आता घोड्यांच्या माणसांची एक जुनी युक्ती आहे. खुरांना चमक आणायला काळं पॉलिश असतं. कुठे केस गेले असतील, जीन लागून खरचटलं असेल, तर तेच पॉलिश फडक्यावर घेऊन चोळायचं. काळ्या घोड्यावर ते बेमालूम बसतं. मामांनी चट्ट्यावर पॉलिश चोळलं, वरून आयाळ विंचरून सोडली. पाहुणे आले, मालकांनी काळीला गोल फिरवली, सगळे वा वा करून गेले. जाताना मालक म्हणाले, "मामा, तुमचा हात लागला की सोनं होतं बघा!" मामांनी हात पाठीमागे घेतले. तो हात त्या क्षणी इतका खाजत होता, की डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

यानंतर आठवड्याभराने मास्तरीणबाईंचा म्हातारा घोडा आला.

मास्तरीणबाई म्हणजे मुलांना घोडेस्वारी शिकवणारी. मुलांची बाई, पण मामांची पोरगीच. आठ वर्षांची असताना ती पहिल्यांदा या तबेल्यात आली आणि मामांच्या मागेमागे फिरत सगळं शिकली. खूर कसा साफ करायचा, घोड्याच्या मागून जाताना हात कसा ठेवायचा, पडल्यावर रडायच्या आधी घोडा पकडायचा, हे सगळं मामांचं. ज्या पांढऱ्या घोड्यावर ती पहिल्यांदा बसली तो पुढे विकला गेला होता. चार ठिकाणी राबून आता सव्वीस वर्षांचा झाला होता. तो कुठल्याशा मोकळ्या आवारात हाडं मोजता येतील असा उभा आहे, हे कळल्याबरोबर ती जाऊन त्याला घेऊन आली. मुलांनी दोन दिवसांत त्याचं नाव आजोबा ठेवलं. दात झिजले होते, त्यामुळे त्याला गवत भिजवून द्यावं लागे, आणि तो ते जेवताना असा आवाज करी की मुलं हसून लोळत.

मालकांनी एका अटीवर जागा दिली. "राहू दे म्हातारा. पण काही आजार घेऊन आला असेल, तर त्याच दिवशी बाहेर. मला माझे बारा घोडे सांभाळायचेत."

आजोबांना काळीच्या शेजारचं ठाण दिलं, ते मामांनीच. दोघांमध्ये छातीएवढी भिंत होती. दुसऱ्याच दिवशी दोघं त्या भिंतीवरून माना टाकून एकमेकांना दातांनी खाजवत उभे असलेले मामांनी पाहिले. घोड्यांची मैत्री अशीच असते; ज्याचं पटतं त्याला खाजवायचं. आजोबांना दुसरीकडे बांधावं असं त्यांना वाटलं, दोरही हातात घेतला. पण कुणी विचारलं, का हलवताय, तर काय सांगायचं? त्यांनी दोर पुन्हा खुंटीला लावला. आणि काळीला खरारा करून झाल्यावर तोच खरारा घेऊन ते आजोबांच्या ठाणात गेले, कारण दुसरा खरारा घेतला असता तर आपल्याच मनाला कळलं असतं, की आपल्याला सगळं माहीत आहे.

काळ्या घोडीवर जे महिनाभर लपलं, ते पांढऱ्या घोड्यावर दोन दिवसही लपलं नाही. मानेवर गुलाबी कातडी उघडी पडली, खांद्यावर खपल्या आल्या. आजोबा खांबाला अंग घासघासून दमून जायचे. पाठोपाठ दोन लहान तट्टंही खाजवायला लागली आणि मालकांनी डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टर म्हणजे अंगाने बारीक आणि जिभेने तिखट बाई. त्यांनी पात्याला तेल लावलं आणि आजोबांच्या चट्ट्याची कड खरवडायला घेतली. रक्ताचा ठिपका दिसला तेव्हाच थांबल्या.

"एवढं खोल?" मास्तरीणबाईने विचारलं.

"वरवर खरवडलं तर सगळेच स्वच्छ निघतात," डॉक्टर म्हणाल्या. "हा आत राहतो."

चंदीच्या खोलीतल्या पेटाऱ्यावर त्यांनी सूक्ष्मदर्शक मांडला, काच सरकवली, बराच वेळ बघितलं आणि बोट वर केलं. "सापडला. या, बघा. गोल अंग, आखूड पाय. गोचीड नव्हे, पिसू नव्हे. माइट म्हणतात याला. कातडीत बोगदे खणतो, तिथेच अंडी घालतो. साध्या डोळ्यांना दिसणार नाही, पण घोड्याला वेड लावतो."

मालकांनी डोळा लावला आणि "ईऽऽ" करून दोन पावलं मागे आले, हात विजारीला पुसले. मास्तरीणबाई खूप वेळ बघत राहिली. मामा दारातच थांबले. "माझा चष्मा घरी राहिलाय," ते म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशात होता.

"औषध आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तोंडातून द्यायचं, दोन आठवड्यांनी पुन्हा. गंधकाच्या पाण्याने अंघोळ. खरारे, झुली सगळं उकळायचं. तेराच्या तेरा घोड्यांना करायचं, एकालाही वगळायचं नाही. बरा होतो हा रोग."

"होऊ दे बरा, पण दुसरीकडे," मालक म्हणाले. "मी अट घातली होती. हा आला आणि खरूज आली. तीन दिवस देतो."

"हाच घेऊन आला कशावरून?" डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "खाज सुटायला वेळ लागतो. कदाचित इथेच लागली असेल त्याला. हा यायच्या आधी कुणी खाजवत होतं का?"

"मामांना विचारा," मालक म्हणाले. "मामा म्हणतील ते खरं."

तिघांनीही मामांकडे पाहिलं. मामांच्या तोंडात शब्द तयार होता. काळी. दोनच अक्षरं. पण त्या दोन अक्षरांमागून परकी झूल आली असती, पॉलिश आलं असतं, भिंतीवर आपटलेला खरारा आला असता, आणि तरुणपणी सामान उचलून गेलेला तो मोतद्दारही आला असता.

"नाही," मामा म्हणाले. "माझ्या एकाही घोड्याला काही नव्हतं."

"ती काळी? शेजारीच आहे म्हणून विचारते."

"तिला मी रोज स्वतः बघतो. ती परक्याला हात लावू देत नाही."

डॉक्टरांनी काळीच्या ठाणाकडे पाहिलं. आत अंधार होता, घोडी चमकत होती, आणि मामा दारात उभे होते. त्या म्हणाल्या, परवा सकाळी औषधं घेऊन येते, तेव्हा सगळ्यांना नीट तपासते. झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी लागते. आरडाओरडा होत नाही, एक भला माणूस "नाही" म्हणतो आणि सगळे मान डोलावतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा चंदी घेऊन गेले तेव्हा मास्तरीणबाई आजोबांना साबणाने धूत होती. किती वेळ धूत होती कोण जाणे, तिच्या बोटांची सालं निघाली होती.

"मामा, तू म्हणायचास ना," ती वर न बघता म्हणाली, "खरूज म्हणजे मोतद्दाराची लाज. मी कुठे कमी पडले रे? रोज खरारा केला. रोज गवत बदललं. आणताना नीट बघायला हवं होतं मी. नुसती धावत गेले आणि घेऊन आले. सगळ्या घोड्यांना माझ्यामुळे भोगावं लागतंय. काळीला झालं तर मी तुला तोंड कसं दाखवू?"

मामांना वाटलं, आता जमीन दुभंगावी. जमिनी अशा वेळी कधी दुभंगत नाहीत.

"असू दे, पोरी," ते म्हणाले. "होतं असं कधी कधी. मनाला लावून घेऊ नकोस."

मामांनी तिला माफ केलं! मोठ्या मनाने, डोक्यावर हात ठेवून माफ केलं. आयुष्यात त्यांच्या हातून बऱ्यावाईट पुष्कळ गोष्टी घडल्या असतील, पण याहून हलकं काम घडलं नव्हतं, आणि हे त्यांना त्या क्षणीच कळत होतं. तरी हात डोक्यावर तसाच राहिला.

"सात तबेल्यांना फोन केले," ती म्हणाली. "खरूज म्हटलं की पुढचं ऐकूनच घेत नाहीत. उघड्यावर ठेवलं तर या थंडीत तो आठवडासुद्धा काढणार नाही. मी डॉक्टरांशी बोलले. त्या खूप चिडल्या, म्हणाल्या, खरजेसाठी कुणी घोडा मारत नाही. पण मग त्याला ठेवू कुठे? कुणाच्या तरी कुंपणापाशी कुडकुडत मरण्यापेक्षा..." तिने नाक बाहीला पुसलं. "उद्या सकाळी त्या इंजेक्शन देतील. मामा, तू धरशील ना त्याला? तुझ्या हातात तो शांत उभा राहतो."

"धरतो," मामा म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

संध्याकाळी घरी ताट पुढ्यात घेऊन मामा नुसते बसून राहिले. बायको समोर बसली होती. बत्तीस नव्हे, चौतीस वर्षांचा संसार. तिला मामांच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ पाठ होती.

"जेवत का नाही?"

"भूक नाही."

"भूक नाही आणि हातांना चैन नाही. किती खाजवाल? बाह्या वर करा बघू."

"काही नाही गं, गवताची पुळी आहे."

"गवताची पुळी! मग माझ्या कमरेवर काय आलंय? मी कुठे गवतात लोळते?" तिने आवाज खाली आणला. "महिना झाला मला खाज सुटून. मी गप्प बसले, म्हटलं कधीतरी आपणहून बोलाल. तुमचे कपडे मी धुते हो. बाह्यांना काळं पॉलिश लागलेलं असतं. खुरांना पॉलिश लावताना ते कोपरापर्यंत येतं का?"

मामांनी बाह्या आणखी खाली ओढल्या.

"ती पोरगी काल बाजारात भेटली. मला म्हणते, मामी, माझ्यामुळे मामांच्या तबेल्याला बट्टा लागला. रडत होती." बायकोने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे आदळला. "खाई त्याला खवखवे म्हणतात, ते उगीच नाही. आपलं झाकून ठेवायचं आणि लोकांना शिकवत फिरायचं. मला लाज वाटते तुमची. बाहेर नाही बोलणार मी, पण वाटते."

एवढं बोलून ती आत गेली. चौतीस वर्षांत ती भांडली बरंच, पण असं कधी बोलली नव्हती. मामांनी ताट झाकून ठेवलं.

सकाळी आजोबांना मागच्या अंगणात आणलं. मालक आले नव्हते. त्यांना असलं बघवत नाही म्हणे. डॉक्टरांनी पिशवी बाकावर ठेवली, मानेवरची शीर शोधली, तिथले केस कापले. मास्तरीणबाई एका बाजूला उभी होती, आजोबांसाठी तिने भिजवलेल्या गवताची बादली आणली होती आणि ती खाली ठेवायची तिला शुद्ध नव्हती.

मामांनी दावं धरलं. सवयीने त्यांचा दुसरा हात घोड्याच्या मानेवर गेला, जिथे मान पाठीला मिळते तिथे, आणि बोटं खाजवायला लागली. म्हातारा सुखावला. त्याने मान लांब केली, वरचा ओठ थरथरवला, आणि मामांच्या खांद्यावर तोंड ठेवून दातांनी हळूहळू त्यांना खाजवायला लागला. तू मला खाजवतोस, मग मीही तुला खाजवतो. भिंतीवरून काळीला खाजवायचा तसंच.

डॉक्टरांनी सुई वर धरली. "घट्ट धरा, मामा."

"थांबा," मामा म्हणाले, पण आवाज डॉक्टरांपर्यंत पोचलाच नाही. डॉक्टर पुढे आल्या. "थांबा!" आता तो एवढ्या मोठ्याने आला की आजोबा दचकले.

"याला कशाला मारताय? याने नाही आणली."

"मग कुणी आणली?"

"मी."

मामांनी दावं बगलेत धरलं, मनगटाची बटणं काढली आणि दोन्ही बाह्या कोपराच्या वर सारल्या. पुळ्या, खपल्या, नखांचे ओरखडे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तसं त्यांनी आपणहून दाखवलं. डॉक्टरांनी एक हात उलटा करून पाहिला.

"कधीपासून?"

"महिना झाला. वर दोन-चार दिवस."

"आणि हा म्हातारा इथे येऊन?"

"तीन आठवडे," मास्तरीणबाई म्हणाली.

मग मामांनी सगळं सांगितलं. झूल, चट्टा, पट्टा, पॉलिश, खरारा. मध्ये कुणी बोललं नाही, त्यामुळे त्यांना शेवटपर्यंत सांगावं लागलं. डॉक्टरांनी सुईला टोपण लावलं, सुई पिशवीत टाकली, आणि मग त्यांचा तोंडाचा पट्टा सुटला.

"मी विचारलं तेव्हा तोंडात काय बोळा कोंबला होता? दोन आठवड्यांचं औषध होतं हो! एक घोडी होती, आता चार झाली, कदाचित तेरा. अहो, हा किडा आहे, त्याला काय कळतं कोण स्वच्छ नि कोण घाणेरडं? राजाच्या घोड्यालाही होईल. यात लाज कसली?"

मामा म्हणाले, "आता आहे."

डॉक्टर काळीच्या ठाणात गेल्या. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस त्यांनी तिच्या मानेवर फिरवला आणि बाहेर येऊन उजेडात धरला. कापूस काळाकुट्ट झाला होता. त्यांनी चट्टा खरवडला, काच लावली आणि मामांना हाताला धरून पेटाऱ्यापाशी नेलं. "बघा. चष्मा खिशात आहे, मला दिसतोय."

मामांनी बघितलं. पिवळ्या उजेडात गोल गोल काहीतरी पाय हलवत होतं. एक नव्हतं, खूप होती. मामांनी बत्तीस वर्षं ज्याच्या नावाने मुलांना घाबरवलं, तो हा एवढासा. त्यांना त्याची किळस आली नाही. त्याचं त्याला माहीत होतं, तो आपलं पोट भरत होता.

मालकांना फोन गेला, ते अर्ध्या तासात आले. मामा मान खाली घालून उभे राहिले. मालकांनी सगळं ऐकलं, डोकं खाजवलं, आणि हसलेच. "काय हो मामा! आम्हाला सगळ्यांनाच मामा केलंत की! जाऊ द्या. बत्तीस वर्षांत एकदा. माणसाच्या हातून होतं. तो म्हातारा राहू दे इथेच, मी काही बोलत नाही." खांद्यावर थाप मारायला त्यांनी हात उचलला, मग खरूज आठवली आणि हात खाली घेतला.

एवढ्या स्वस्तात सुटका झाली, पण मामांना काही सुटल्यासारखं वाटलं नाही. ते मास्तरीणबाईकडे बघत होते. ती आजोबांच्या गळ्यात पडून रडली होती, डोळे पुसून झाले होते, आता पाणी तापवायला लागली होती. त्यांच्याकडे तिने एकदाही पाहिलं नव्हतं. ओरडेल, मामांनी स्वतःला सांगितलं. थोड्या वेळाने येईल आणि लहानपणी ओरडायची तशी ओरडेल, "मामा, तू खोटारडा आहेस!" आणि मी ऐकून घेईन.

गंधकाच्या पाण्याचा उग्र वास अंगणभर सुटला. डॉक्टरांनी सांगितलं, सुरुवात म्हाताऱ्यापासून करा, सगळ्यांनी हातमोजे घाला, आणि मामा, तुम्ही आधी माणसांच्या डॉक्टरांकडे जा. मामांनी मान हलवली. पण घोडा धुवायचा आहे म्हटल्यावर हात आपोआप बादलीकडे गेला. त्यांनी बादली उचलली आणि आजोबांकडे दोन पावलं टाकली.

मास्तरीणबाई पुढे आली. तिने त्यांच्या हातातून बादली काढून घेतली, पाणीसुद्धा हिंदकळलं नाही.

"मामा, तुम्ही बाजूला व्हा," ती म्हणाली. "त्याला तुमचा हात नको लागायला."

तुम्ही. आठ वर्षांची असल्यापासून तिने त्यांना कधी अहो-जाहो केलं नव्हतं. चार शिव्या घातल्या असत्या, ते कढत पाणी अंगावर ओतलं असतं, तर मामांनी ते डोक्यावर घेतलं असतं. पण तिने त्यांना मान दिला, परक्या वडीलधाऱ्या माणसाला देतात तसा, आणि वळून आजोबांच्या मानेवर पाणी सोडायला लागली. म्हणाली त्यात चुकीचंही काही नव्हतं. तो हात खरोखरच लागायला नको होता.

मामा बाजूला झाले. बाजूला म्हणजे नेमकं कुठे, ते त्यांना कळेना, कारण घोडा धुतला जात असताना ते त्या अंगणात कधी नुसते उभे राहिले नव्हते. शेवटी ते पाहुण्यांच्या बाकापाशी जाऊन उभे राहिले. बाह्या अजून वरच होत्या, आणि त्या खाली घ्यायला त्यांचा हात धजेना.